उपासना, आराधना की नुसतं ‘वर्शिप’?

उपनगरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी (धर्मगुरूंनी) विचारलंय: सकाळच्या उपासनेला पेटी-तबला असतो, संध्याकाळच्या तरुणांच्या सभेला गिटार आणि ड्रम. सभा संपली की मुलं म्हणतात, “आज वर्शिप भारी झालं!” म्हणजे गाणी भारी झाली. मग माझा संदेश (प्रवचन), प्रार्थना, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) हे वर्शिप नव्हे का? आणि त्या गाण्यांच्या भागाला मराठीत काय म्हणावं, उपासना की आराधना?

पाळकसाहेब, पहिल्या प्रश्नातली तक्रार रास्त आहे, पण मुलांना एकट्यांना बोल लावू नका. ‘जेवण’ म्हणून आपण कधीकधी नुसती भाजी-पोळीच मोजतो, तसं हे झालंय. अख्ख्याचं नाव तुकड्याला चिकटलं.

उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. गंमत अशी की तुमच्या संध्याकाळच्या सभेत पहिली वीस मिनिटं कुणी बसतच नसणार! पण शब्दाचं मूळ काही खुर्चीवर बसवत नाही. रोख ‘जवळ’ वर आहे. उपास मात्र वेगळा: तो उपवासाचा झिजलेला, उप + वस्, जवळ राहणं. दोघांत ‘उप’ तेवढा एक. फलकावर ‘उपासना’तला ‘ना’ पुसला गेला, तर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, कुणाला शंकाही येणार नाही.

आराधनेत राध् आहे, म्हणजे प्रसन्न करणं, आपलंसं करणं. मराठीत तो शब्द जुनाच आहे, पण चर्चमध्ये त्याची आजची चलती बरीचशी हिंदी गाण्यांमुळे असावी, असं मला वाटतं. मुंबईत एकाच हॉलमध्ये सकाळी मराठी आणि दुपारी हिंदी मंडळी जमत असेल, तर शब्द भिंत ओलांडणारच. योहानाच्या शुभवर्तमानातलं 4:24 बघा. मराठी बायबलात तिथे उपासना आहे. जुन्या हिंदी भाषांतरात ‘भजन’ होतं, सुधारित आवृत्तीत ‘आराधना’ आलं.

माझं मत त्या जुन्या हिंदीतल्या शब्दाकडे झुकतं. गाण्यांच्या भागाला भजन म्हणा. भज् म्हणजे वाटून घेणं, वाट्याला येणं. भाग, भक्त, भक्ती सगळी त्याच घरची. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं, हा प्रकार त्या धातूला शोभतो. तरुण नाक मुरडतील, कारण भजन म्हटलं की त्यांना विरार लोकलमधल्या झांजा आठवतात. आठवू देत. 1895 मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. ‘उपासना संगीत’ या तुमच्या गीतपुस्तकात त्यांची किती पदं आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. झांजेला जे चालतं ते गिटारला का चालू नये? ‘स्तुती-आराधना’ हा रूढ जोड चूक नाही, फक्त बोलताना जड जातो.

तेव्हा फलकावर लिहा: ‘उपासना, संध्याकाळी 6’. खाली बारीक अक्षरात: भजनं, संदेश, प्रार्थना. आणि एवढं पाहा, की निरोपात ‘उपासनाला या’ असं जाणार नाही. ‘उपासनेला या.’