वाचकांचे प्रश्न : ग्वांगझूच्या बाजारांसाठी एक मोकळा दिवस

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये माझे यजमान व्यवसायानिमित्त चीनमधील ग्वांगझूच्या कँटन जत्रेला जाणार असून मीही त्यांच्यासोबत जात आहे. ते प्रदर्शनात गुंतलेले असताना मला एक पूर्ण दिवस मोकळा मिळेल. मॉल पाहण्याची हौस नाही. तिथल्या माणसांचे बाजार पाहायचे आहेत. कपडे, कापड, चहा, खेळणी, सुकवलेली मासळी, जेड (दागिन्यांचा हिरवा दगड) असे सहा बाजार मी टिपून ठेवले आहेत. एका दिवसात ते पाहून होतील का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : होणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही आपण करू नये. आपल्या यादीतील बरेचसे बाजार घाऊक आहेत. रेल्वे स्थानकाजवळचा बाईमा हा कपड्यांचा बाजार आणि हायझू भागातील चोंगदा हा कापडबाजार या गाठोड्यांनी माल उचलणाऱ्यांच्या जागा आहेत. तिथे एकच कुर्ता मागणे म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात मेथीची एक जुडी मागण्यासारखे आहे. कोणी ओरडणार नाही, पण कोणी लक्षही देणार नाही. शिवाय ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की निम्मा दिवस मेट्रोतच जाईल. म्हणून ही दोन्ही नावे खोडावीत आणि शहराच्या पश्चिमेकडील लीवान या जुन्या भागातच दिवस घालवावा, असे मी सुचवेन.

कँटन जत्रा १९५७पासून भरते आणि तिचे आताचे ठिकाण पाझौ भागात आहे. तिथून मेट्रोच्या ८ क्रमांकाच्या मार्गाने गाडी न बदलता ‘सांस्कृतिक उद्यान’ या स्थानकावर उतरता येते. हे उद्यान ज्या जागेवर आहे तिथेच पूर्वी परदेशी व्यापाऱ्यांच्या ‘तेरा वखारी’ होत्या. १७५७पासून १८४२पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये व्यापारासाठी मोकळे असलेले बंदर हेच होते, आणि मुंबईचा कापूस व अफू यांचे सौदे इथेच होत. सर जमशेटजी जिजिभॉय यांनी तरुणपणी चीनच्या ज्या सफरी केल्या त्या याच व्यापारासाठी. मुंबईतील रुग्णालयावर आणि कलाशाळेवर त्यांचे नाव ज्या संपत्तीमुळे आले तिचा उगम पाहायला मिळतो म्हणून तरी पाच मिनिटे इथे थांबावे. वखारी १८५६ साली जळून गेल्या, त्यामुळे डोळ्यांना दिसण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. नाव मात्र शेजारच्या रस्त्याला चिकटून आहे. त्या रस्त्यावर आता बायकांच्या कपड्यांचा घाऊक बाजार भल्या पहाटे भरतो आणि दुपारनंतर पांगतो.

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास लीवानच्या गल्ल्यांतील एखादी भाजी मंडई गाठावी. मंडईचे नाव शोधण्याची गरज नाही. पिशव्या घेऊन चाललेल्या आजीबाईंच्या मागे गेले की ती सापडते. कोहळा, कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, कमळकाकडी हे ओळखीचे दिसेल; पालेभाज्या मात्र बहुतेक अनोळखी. मासे पाण्याच्या टाक्यांत जिवंत असतात आणि गिऱ्हाइकासमोरच कापले जातात, बेडूकही असतात, तेव्हा त्या बाजूला जायचे की नाही हे आधीच ठरवावे. भावाच्या पाटीवरील आकडा किलोचा समजू नये. तो ‘जिन’ या मापाचा असतो आणि चीनमध्ये एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. आठ युआनची संत्री स्वस्त वाटून आपण घेतो आणि घरी येऊन हिशेब करताना लक्षात येते की भाव सोळा युआन किलो, म्हणजे आपले दोनशे रुपये होता. विक्रेते एकाच हाताच्या बोटांनी दहापर्यंतचे आकडे दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ असेल तर सहा. अंगठा आणि तर्जनी ताठ असेल तर ते दोन नव्हे, आठ.

तिथून चिंगपिंग बाजार चालण्याच्या अंतरावर आहे. आर्थिक सुधारणांच्या आरंभी, १९७९ साली सुरू झालेला हा खुला बाजार एके काळी जिवंत प्राण्यांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होता. आज त्याची ओळख मुख्यतः चिनी औषधी वस्तूंचा बाजार अशी आहे. जिनसेंगची मुळे, गोजीची लाल फळे, वाळवलेली अळंबी, काड्यांवर ताणून सुकवलेल्या पाली, समुद्रघोडे अशी पोती आणि बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. माझे लक्ष इथे सर्वांत जास्त वेळ संत्र्याच्या सालींनी खिळवून ठेवले. शिनह्वे या जवळच्या भागातील संत्र्यांची साल वाळवून वर्षानुवर्षे मुरवतात. तीन वर्षे मुरल्याशिवाय तिला खरी मुरलेली साल मानत नाहीत. जितकी जुनी तितकी ती काळसर, हलकी आणि महाग. दुकानदार एकेका बरणीचे झाकण उघडून वास घ्यायला देतो. नव्या सालीला नुसता संत्र्याचा वास येतो. जुन्या सालीचा वास कापूर आणि ओवा यांच्या मधला कुठलासा असतो. मूठभर साल विकत घेतली तर पुढे चहात घालता येते.

चिंगपिंगसमोरचा छोटा पूल ओलांडला की शामियन बेट लागते. दुसऱ्या अफू युद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंचांना दिलेली ही जागा वडांच्या सावलीत आहे आणि दुपारी टेकायला उत्तम. त्यानंतर दोन पर्याय आहेत. जवळच्या ह्वांगशा स्थानकावरून मेट्रोने दोन स्थानके पुढे यीदं मार्गावर खेळणी, लेखनसाहित्य आणि सुकवलेल्या मासळीची दुकाने एकमेकांना लागून आहेत. १८६३ ते १८८८ या काळात बांधलेले ग्रॅनाइटचे सेक्रेड हार्ट चर्चही तिथेच आहे. दुसरा पर्याय म्हणजे ह्वांगशाहून नदीखालून एकच स्थानक पुढे, फांगत्सुनचा चहाबाजार. मी दुसरा निवडेन. दिवसभर चालल्यावर तिथे बसायला मिळते, हे एक कारण. आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो, हे त्याहून मोठे. तो झाकणाच्या लहान वाडग्यात चहा करून चाखायला देतो. ‘पुअर’ नावाच्या चहाच्या दाबून केलेल्या गोल चकत्या साधारणपणे ३५७ ग्रॅमच्या असतात आणि सात चकत्यांचा एक गठ्ठा बांबूच्या सालीत बांधलेला असतो. कोणी कपात चहा ओतला की तिथली माणसे टेबलावर दोन बोटे हलकेच आपटून आभार मानतात. आपणही तसेच करावे. चाखल्यावर घेतलेच पाहिजे असे नाही. परंतु तासभर बसून चार प्रकारचे चहा प्यायल्यावर थोडी तरी खरेदी करणे रीतीला धरून होईल.

जेड पाहायला हरकत नाही, विकत घेऊ नये. त्यातील अस्सल-नक्कल ओळखणे आपल्याला जमणार नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही चालत नाही. अशा बाजारांत फिरताना खायचे काय?
– एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : शाकाहारी दिसणारा पदार्थ शाकाहारी असेलच असे ग्वांगझूत गृहीत धरू नये. न्याहारीला मिळणारी मुळ्याची तळलेली वडी दिसायला थेट आपल्याकडची वाटते, पण तिच्यात बहुधा सुकट आणि मांसाचे बारीक तुकडे असतात. म्हशीच्या दुधाचा जो घट्ट गोड पदार्थ वाटीत मिळतो त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. भाजी नुसती परतलेली असली तरी वरून कालवांचा रस घातलेला असू शकतो. ‘मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचा रस्सा चालत नाही’ असे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे, कारण ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर पुष्कळदा फक्त तुकडे बाजूला काढले जातात. भाजलेले चेस्टनट, रताळी, फळे आणि सोयाबीनचे दूध यांवर दुपार सहज निघते. पोटभर जेवणासाठी बौद्ध मंदिरांच्या आसपासची शाकाहारी भोजनालये शोधावीत. तिथे सहसा कांदा-लसूणही वापरत नाहीत.

प्रश्न : तिथे रोख पैसे कोणी घेत नाही आणि आपले फोनही चालत नाहीत, असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : अर्धेच खरे आहे. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते, पण यूपीआयवर विसंबून निघू नये. अलीपे किंवा वीचॅट या ॲपला व्हिसा अथवा मास्टरकार्ड जोडता येते. हे काम, पासपोर्टच्या पडताळणीसह, ठाण्यात असतानाच उरकावे आणि कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेकडून चालू करून घ्यावेत. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर या ॲपचे जादा शुल्क लागत नाही, त्यापुढे तीन टक्के लागते. काही लहान विक्रेत्यांचे कोड परदेशी कार्ड स्वीकारत नाहीत, म्हणून दहा-वीस युआनच्या सुट्या नोटा बाळगाव्यात. रोख रकमेला कायद्याने मान्यता आहे; अडचण होते ती मोड देताना.

फोनबाबत सांगायचे तर गूगल आणि व्हॉट्सॲप हॉटेलच्या वायफायवर चालणार नाहीत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर ते सहसा चालतात, कारण त्याची माहिती आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येते. नकाशासाठी मात्र तिथले ‘अमॅप’ वापरावे आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत कागदावर लिहून घ्यावा.

प्रश्न : माझे जांभळी नाक्याजवळ लहानसे दुकान आहे. फिरता फिरता विक्रीसाठी थोडी खेळणी आणि सुकामेवा आणला तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. प्रवाशाला मिळणारी शुल्कमाफी स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी असते. एकाच खेळण्याचे चाळीस नग पिशवीत सापडले तर तो विक्रीचा माल ठरतो, आणि त्यासाठी आयात-निर्यात क्रमांक काढून रीतसर आयात करावी लागते. खेळण्यांवर २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही सक्तीचे आहे, त्यामुळे नमुने पाहून, भाव विचारून आणि दुकानाची कार्डे घेऊन यावे. माल मागवण्याचे काम परतल्यावर आयात-दलालामार्फत करावे. खाद्यपदार्थांमध्ये चीनचे दूध आणि दुधाचे पदार्थ, चॉकलेटसह, २००८पासून भारतात आयात करता येत नाहीत. लसणावरही बंदी आहे. चिंगपिंग बाजारातील समुद्रघोडा तर गंमत म्हणून एकही आणू नये, कारण त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर तो सापडला तर प्रकरण दंडावर भागणार नाही.