कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला

प्रश्न : सुट्टीत गावी गेलो असताना घरफोडी झाली. कुलूप तसंच होतं, कोयंडाच उखडला होता. विमा नाही. गुन्हा नोंदवला आहे. दागिने परत मिळतील का?

उत्तर : चोर पकडला जाऊन मुद्देमाल सापडला, तर मिळतील. रोख रकमेची आशा कमीच ठेवा. फिर्यादीत नुसतं ‘सोन्याची माळ’ लिहिलं असेल, तर आजच पुरवणी जबाब द्या. त्यात वजन, कॅरेट, हॉलमार्कजवळचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) नोंदवा. पावती आणि लग्नातले फोटो जोडा. चोरलेलं सोनं बरेचदा वितळवलं जातं. हाती नुसती लगड आली, की तुमच्या हक्काला वजनाचाच आधार उरतो.

मुद्देमाल जप्त झाल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करा. पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन दागिने ताब्यात मिळतात. मात्र खटला संपेपर्यंत ते मोडायचे नाहीत. ‘खटला संपल्यावर या’ असं कुणी म्हणालं, तर २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल दाखवा: पोलीस ठाण्यात वस्तू पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

आता दार. कोयंडा इंचभराच्या स्क्रूवर असेल, तर कटावणीपुढे भारी कुलूपही फुकट. गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालून नट आतून आवळा. त्याहून बरं म्हणजे दारात बसणारं इंटरलॉक. बाहेर लोंबणारं कुलूप ‘घरात कोणी नाही’ हेच सांगतं.