संगणक-सल्ला : जुना मिनी पीसी घ्यायचा कधी?

प्रश्न : घरचा हिशेब आणि मुलीचे ऑनलाइन क्लास, एवढ्यासाठी रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला संगणक, घ्यायचा आहे. सिल्व्हर मॉलमध्ये दोन पाहिले. एकात आय५-६५००टी प्रोसेसर आहे, दुसऱ्यात आय५-८५००टी. दुसरा पाच हजारांनी महाग. रॅम दोन्हींत ८ जीबी. स्वस्तातला आत्ता घेऊ, की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : महागातला घ्या, आणि दिवाळीची वाट पाहू नका. सेल असतात ते नव्या मालाचे. जुने मिनी पीसी कंपन्यांच्या तीन ते पाच वर्षांच्या लीज संपल्या की लॉटने बाजारात येतात. त्यांचा सणाशी संबंध नाही. शिवाय २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. ‘रॅम नंतर वाढवू’ हा हिशेब त्यामुळे जुळेलच असं नाही. आतच १६ जीबी असलेला मिळाला तर थोडे जास्त द्या. ८ जीबीच घ्यायचा झाला, तर रॅमचा दुसरा स्लॉट (खाच) रिकामा हवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा : किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं.

आता पाच हजार कशाचे? ‘आय५’ या स्टिकरवर जाऊ नका, पुढचा आकडा वाचा. ६५०० म्हणजे सहावी पिढी, चार कोअर. ८५०० म्हणजे आठवी, सहा कोअर. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. सहाव्या पिढीवरही दुकानदार ते ‘चढवून’ देतात. चालतंही, पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येईल याची हमी नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणार असाल तर मात्र सहावी पिढी खुशाल घ्या.

दिसण्यावर तर मुळीच जाऊ नका. लेनोवोचे एम७१०क्यू आणि एम७२०क्यू शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येत नाहीत, पण आठवी पिढी फक्त दुसऱ्यात. डेलमध्ये ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो आणि एचपीत एलिटडेस्क ८०० जी४ मिनी त्याच तोडीचे.

पैसे देण्याआधी मशीन दुकानातच चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जा. त्यासाठी सुरू होतानाच दाबायची कळ : लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. ‘मदरबोर्डवरचा बटन सेल काढला की पासवर्ड जातो’ असं सांगतील. लेनोवोचा सुपरवायझर पासवर्ड सीआर२०३२ सेल काढून जात नाही, बहुतेक वेळा मदरबोर्डच बदलावा लागतो. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची (माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हची) तब्येत पाहा. शेवटी वीस मिनिटं एखादी लोड टेस्ट (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) लावा. तापमान नव्वद अंश सेल्सियसच्या वर जाऊन बसलं, तर पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली आहे. दोन्ही दुरुस्त होतं, पण ते दुकानदाराकडूनच करून घ्या.

अडॅप्टर मूळ कंपनीचाच हवा. डेलला तो ओळखता आला नाही, तर स्क्रीनवर इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम मंदावतो. लोक उगाच विंडोजला दोष देत बसतात. वायफाय कार्ड आणि अँटेना आहेत का, तेही विचारा. ऑफिसच्या मशीनमध्ये बऱ्याचदा नसतात.

प्रश्न : विंडोज १०चा जुना टॉवर अजून ठीक चालतो. तो बंद पडेपर्यंत थांबलं तर?
– एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : त्यावर नेट बँकिंग आणि आयकराचं काम होत असेल, तर थांबू नका; सुरक्षेची नेहमीची अपडेट आता येत नाहीत. नेट न जोडता फक्त जुने फोटो पाहायचे असतील तर चालू द्या. पण बंद पडल्यावर घाईत घ्यायला गेलात, तर त्या संध्याकाळी दुकानात जे असेल तेच गळ्यात पडतं.

प्रश्न : अशा मिनी पीसीवर ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), गेम्स चालतील का?

उत्तर : द्विमितीय ड्रॉइंग चालतील. थ्रीडी मॉडेलिंग किंवा मोठे गेम्स असतील, तर हा प्रकारच घेऊ नका; बहुतेक मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायला जागा नसते.

प्रश्न : बिल न घेतल्यास दुकानदार कमी लावतो. घ्यावं का?

उत्तर : नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. वॉरंटीत अडॅप्टर आणि एसएसडी धरले आहेत का, तेही बिलावरच लिहायला सांगा.