घरचे व्हिडिओ आणि आजीची जुनी कॅसेट डीव्हीडीवर घ्यायची आहे, प्लेअरवर चालेल अशी कन्व्हर्ट कशी करू?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मोबाईलवरचे एमपी४, जुन्या कीपॅड मोबाईलच्या ३जीपी क्लिप्स, जुन्या हँडीकॅमच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवलेल्या एव्हीआय फाइली आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट, हे सगळं कोकणात गावी आईबाबांच्या डीव्हीडी प्लेअरवर लागायला हवंय, तिकडे नेट धड नाही आणि त्यांना मोबाईलवर बघायला आवडत नाही. दुकानातून राईट करून आणलेली डीव्हीडी लॅपटॉपवर चालते पण प्लेअरवर नुसती फाइलींची यादी येते, एखादी चालू झालीच तर आवाज नाही. माझं रोजचं काम एडिटिंगचंच आहे, लग्न, मुंज, बारसं, आणि जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर करून देणं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दुकानातल्या डिस्कचं. त्यांनी तुमच्या फाइली जशाच्या तशा कॉपी करून दिल्यात, म्हणजे ती डेटा डीव्हीडी झाली, पेन ड्राइव्हसारखीच. प्लेअरला लागते ती व्हिडिओ डीव्हीडी, आणि तिचे नियम १९९० च्या दशकात ठरलेत ते आजही तेच आहेत. चित्र एमपेग-२ मध्ये, साइज ७२० बाय ५७६ (पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं) किंवा ७२० बाय ४८० (एनटीएससी ही अमेरिकेकडची, २९.९७ फ्रेम), आवाज एसी-३ किंवा पीसीएम, पालमध्ये एमपी२ सुद्धा चालतो, पण सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झच ठेवायचा. डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइली असतात. मोबाईलच्या व्हिडिओत चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसी आणि आवाज एएसी असतो, यातलं काहीच या नियमात बसत नाही. तुमचा प्लेअर काही फाइलींचं चित्र ओळखतो आणि त्यांचा आवाज ओळखत नाही, म्हणून मुकं चित्र दिसतं. फाइल बिघडलेली नाही, काळजी करू नका.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. या कामात सगळे चित्राच्या मागे लागतात, एचडी राहील का, क्लिअर दिसेल का, आणि आवाजाकडे कोणी बघत नाही. डीव्हीडीवर एचडी राहणारच नाही, तो विषय सोडून द्या. पण सत्तरीच्या माणसाला चित्र थोडं मऊ दिसलं तर काही वाटत नाही, नातवाचं बोलणं ऐकू आलं नाही किंवा ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले की ते डिस्क काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांच्या घरी बघितलेलं आहे. म्हणून आधी आवाज नीट करा, मग बाकीचं.

मोबाईलच्या व्हिडिओत आवाज पुढे-मागे होण्याचं कारण म्हणजे फ्रेम रेट कायम नसतो. घरात लाइट कमी असला की फोन आपोआप ३० वरून २४-२५ पर्यंत खाली येतो, परत उजेडात आला की वर जातो. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडून बघा, फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं दिसेल. ही फाइल थेट डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिली तर सुरुवात बरोबर वाटते आणि मोठी क्लिप असेल तर शेवटाकडे आवाज घसरतो. त्यामुळे आधी शॉटकट (हेही फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं) मध्ये घ्या, अशी फाइल टाकली की ते स्वतःच विचारतं की एडिटिंगला सोयीची करून देऊ का, हो म्हणा. टाइमलाइनवर क्लिप्स क्रमाने लावा, नको तो भाग कापा आणि आवाजाला नॉर्मलाइझचा टू पास फिल्टर लावा, म्हणजे एका क्लिपमध्ये कुजबुज आणि पुढच्यात ढोल-ताशा असं होणार नाही. एका क्लिपसाठी रिमोट हातात घ्यावा लागला तर ते काम झालंच नाही असं मी समजतो.

पाल की एनटीएससी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. भारतात टीव्ही पाल म्हणून सगळे डोळे झाकून पाल निवडतात. पण मोबाईलचं शूटिंग ३० फ्रेमचं, ते २५ मध्ये बसवायचं तर दर सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्याव्या लागतात, मग कोणी चालत गेलं किंवा कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं. आपल्याकडे मिळणारे बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्क सरळ वाजवतात आणि एलईडी टीव्हीला दोन्ही चालतं. म्हणून मोबाईलच्या क्लिप्सची वेगळी एनटीएससी डिस्क करा, शॉटकटमध्ये १०८०पी २९.९७ मोड ठेवून एकच फाइल एक्सपोर्ट करा. फक्त गावी जुना डब्यासारखा टीव्ही असेल तर आधी एक छोटी ट्रायल डिस्क पाठवून बघा, काही जुन्या टीव्हीवर एनटीएससी काळं-पांढरं दिसतं किंवा चित्र वर-खाली फिरत राहतं.

हँडीकॅमच्या फाइली मात्र पालमध्येच, दुसऱ्या डिस्कवर. तासाला १३ जीबीच्या आसपास एव्हीआय असतील तर त्या मिनीडीव्हीच्या (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेटच्या) आहेत, आधीच ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, डीव्हीडीला अगदी जवळच्या. त्या इंटरलेस्ड असतात, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, आणि डीव्हीडीला इंटरलेस्ड चालतं. कॉम्प्युटरवर कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात म्हणून लोक डीइंटरलेस करून टाकतात, कृपा करून ते करू नका, टीव्हीवर त्या रेघा दिसत नाहीत आणि पळणाऱ्या पोराची हालचाल सुळसुळीत राहते ती याच ५० अर्ध्या चित्रांमुळे. एवढं बघा की मिनीडीव्ही बॉटम फील्ड फर्स्ट असतं, म्हणजे जोडीतलं खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधी, डीव्हीडी करताना हे उलटं पडलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. तसं दिसलं तर सेटिंग बदलून परत करा. आवाजाचं इथे एकच, काही हँडीकॅम १२ बिट ३२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायचे, सॉफ्टवेअर त्याचं ४८ करून देतं, फक्त तयार झाल्यावर शेवटची पाच मिनिटं ऐकून ओठ आणि शब्द जुळतात का ते बघा.

जुन्या कीपॅड मोबाईलच्या ३जीपी क्लिप्स आहेत म्हणालात. त्या बहुतेक १७६ बाय १४४ च्या आणि आवाज ८ किलोहर्ट्झचा. त्या पडद्याभर ताणू नका, दुप्पट करून काळ्या चौकटीत मधोमध ठेवा, चेहरे तरी ओळखू येतात. उभ्या धरून काढलेल्या व्हिडिओंना दोन्ही बाजूंना काळी पट्टी येणार, येऊ द्या, कापायला गेलात तर डोकी जातात.

आता कॅसेट, ज्याच्याबद्दल मला खरं म्हणजे सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण व्हिडिओ परत कन्व्हर्ट करता येतात, कॅसेट मात्र दर वर्षी थोडी थोडी जाते. आधी टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, तपकिरी मळ निघतो तो बघून थक्क व्हाल. मग हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, ज्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवा आणि आजीच्या बांगड्यांच्या आवाजाकडे कान ठेवा. बांगड्या सगळ्यात स्पष्ट किणकिणतात ती जागा बरोबर, तिथे आजीचे शब्दही मोकळे होतात. हे काम नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तितकं चांगलं होत नाही. स्क्रू ड्रायव्हर मॅग्नेटवाला नको.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन एमएमची केबल, ती लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डला, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, तो बऱ्याचदा मोनो असतो आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट रेट सुरुवातीलाच ४८००० करा. बरेच जण सवयीने ४४१०० ठेवतात, तो सीडीचा रेट, आणि पुढे एखादं सॉफ्टवेअर ते ४८००० समजून वाजवतं तेव्हा आवाज जवळपास नऊ टक्के जलद आणि चिरका होतो, आजी ओळखू येणार नाही. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास जाईल. पूर्ण बाजू न थांबवता रेकॉर्ड करा आणि १६ बिट वेव्हमध्ये एक्सपोर्ट करा, तासाला ७०० एमबीसुद्धा लागत नाहीत. ही फाइल अशीच, काहीही साफसफाई न करता, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.

मग कॉपीवर नॉईज रिडक्शन, म्हणजे नको तो मागचा आवाज कमी करणं, त्यासाठी सॉफ्टवेअरला आधी त्या आवाजाचा नमुना (नॉईज प्रोफाइल) द्यावा लागतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जातं चालू आहे. जात्याची घरघर एकसारखी असते आणि सॉफ्टवेअरला एकसारखा आवाज म्हणजे नॉईज वाटतो. तुम्ही ओवीच्या दोन ओळींमधली ‘शांत’ जागा निवडून नॉईज प्रोफाइल घेतलंत तर त्यात जातं आहे, ते पुसलं जाईल आणि आजी रिकाम्या खोलीत गुणगुणल्यासारखी वाटेल. प्रोफाइल घ्यायचं ते कॅसेट फिरतेय पण रेकॉर्डिंग अजून सुरू झालेलं नाही त्या सुरुवातीच्या सेकंदांमधून, तिथे फक्त टेपची सूं सूं असते. आणि रिडक्शन ६ डीबीच्या वर जाऊ नका. थोडी सूं सूं राहू दे, पण ओवी आणि जातं बरोबरच ऐकू यायला पाहिजे, ती म्हटलीच गेली जात्याबरोबर. या आवाजाखाली शॉटकटमध्ये आजीचे, जुन्या घराचे, अंगणाचे फोटो लावा आणि तो व्हिडिओ कुठल्या तरी एका डिस्कवर घाला.

डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टायलर घ्या, तेही फुकट आहे. हँडब्रेकचं नाव पुष्कळ जण सांगतील, चांगलंच आहे, पण ते एमपी४ किंवा एमकेव्ही बनवतं, डीव्हीडी बनवत नाही. डीव्हीडीस्टायलर सुरुवातीलाच पाल/एनटीएससी, चित्राची रुंदी-उंची ४:३ की १६:९ आणि ऑडिओ कुठला ते विचारतं. ऑडिओ एसी-३ निवडा, सगळीकडे चालतो. हँडीकॅम बहुतेक ४:३, मोबाईल १६:९. इथे चूक झाली की माणसं जाडी नाहीतर उंच दिसतात.

किती वेळाचं शूटिंग बसेल याचा हिशोब सोपा आहे. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट (विंडोज हीच डिस्क ४.३७ जीबी दाखवतं, घाबरू नका). दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद, भागाकार केला की सेकंदाला ७ मेगाबिट, आवाज आणि मेनूचं वजा जाता चित्राला साडेसहा मिळतात, झकास. दोन तासांना पावणेपाचच्या आसपास, तेही चालतं. त्याच्या पुढे एका डिस्कवर कोंबू नका, गर्दी, पानं, पाणी असलं की चौकोन दिसायला लागतात. आणि एकच तास असेल तरी आठच्या वर नेऊ नका, नियमाप्रमाणे चित्राला ९.८ पर्यंत जाता येतं पण राईट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडकतात.

आईबाबांसाठी मेनू ठेवूच नका असं मी म्हणेन. डिस्क घातली की सुरू झाली पाहिजे. चॅप्टर मात्र टाका, दर कार्यक्रमाला एक, म्हणजे पुढच्या बटणाने थेट जाता येतं.

थेट राईट न करता आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसीमध्ये पूर्ण नसेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. मग इमेजबर्न या सॉफ्टवेअरने ४एक्स किंवा ८एक्स वेगाला, व्हेरिफाय (राईट झालेलं तपासणं) चालू ठेवून राईट करा. कोरी डीव्हीडी-आर घ्या, नावाजलेल्या कंपनीची, आरडब्ल्यू (पुसून परत वापरायची) नको, जुने प्लेअर ती बऱ्याचदा वाचत नाहीत. नाव सीडी मार्करनेच लिहा, बॉलपेनने ओरखडा पडतो आणि चिकटवलेला कागदी स्टिकर उष्णतेने सुटून प्लेअरमध्ये अडकतो. कोकणातल्या दमट हवेत डिस्का प्लास्टिकच्या कडक डबीत आणि उन्हापासून लांब राहू देत.

मूळ एमपी४ आणि एव्हीआय डिलीट करू नका, डीव्हीडीवरून परत ती क्वालिटी मिळत नाही. आयएसओ पण ठेवून द्या, तुमच्या भावंडांनी कॉपी मागितली तर परत कन्व्हर्ट करावं लागणार नाही, ४एक्सला राईट व्हायला सरळ पंधरा मिनिटं धरा एका डिस्कला. कॅसेटच्या स्क्रूपाशी अडलात तर टेपरेकॉर्डरच्या हेडचा जवळून फोटो टाका, कुठला स्क्रू ते दाखवतो.