टेट्रिससारख्या पझल गेममध्ये खरंच स्पर्धा असते का? आणि व्हिडिओ गेममधला सगळ्यात भारी निन्जा कोणता?

दोन प्रश्न एका दमात विचारलेत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. ठोकळे रचणं म्हणजे वेळ घालवायचा उद्योग, त्यात हरवायचं कुणाला, असं तुमचं म्हणणं आहे. आणि निन्जांची यादी हवीय. यादी मिळणार नाही, मतं मिळतील. मी सोलापूरचा, वय पस्तिशीच्या पुढे, दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि रात्री जपानी पोरांकडून मार खातो. ऑनलाइन.

आधी ठोकळे.

माझा पहिला गेम गड्ड्यातला. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो: संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते आणि होम मैदानावर जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. तिथे वडिलांनी मला हातात धरायचा ब्रिक गेम घेऊन दिला. डब्यावर '९९९९ गेम' असं छापलेलं, आत खरे गेम दहा-बाराच, आणि त्यातला खेळण्यासारखा एकच. दहा घरं रुंद, वीस घरं उंच. अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत बसून हा खेळ केला, त्याचंही सात आकारांवर भागलं. यात्रेतही नंदीध्वज सातच. आम्ही त्यांना काठ्या म्हणतो, त्यामुळे टेट्रिसमधला तो सरळ लांब तुकडा आमच्या गल्लीत आपोआप 'काठी' झाला. 'काठी आली बे!' असं कुणी ओरडलं की सगळे त्या चिमुकल्या पडद्यावर डोकं घालायचे.

गेम माझ्यासाठी आणला खरा, पण खेळायचे वडील. साखर पेठेतल्या एका कारखान्यात ते चादरीच्या मागावर होते. रात्रपाळीला जाताना ब्रिक गेम खिशात. त्यांची खेळायची एकच रीत होती. नऊ उभ्या रांगा भरत आणायच्या, उजवीकडची कडेची रांग रिकामी ठेवायची आणि काठीची वाट बघायची. काठी आली की चार ओळी एकदम. नाही आली तर मेले. बऱ्याचदा मेले. कारण त्या यंत्रात पुढचा तुकडा कोणता हे निव्वळ नशिबावर होतं, काठी कधीकधी तीस-तीस तुकडे यायचीच नाही.

तुमची शंका इथे बरोबर आहे. जुना टेट्रिस एकट्याचा खेळ होता, त्यात शत्रू एकच, नशीब. पुढे नियम बदलले. आता सातही आकार एका पिशवीत घालून हलवतात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा सात भरतात. म्हणजे दोन काठ्यांच्या मधे जास्तीत जास्त बारा दुसरे तुकडे येऊ शकतात, तेरावा नाही. नशिबाचं रडगाणं संपलं. मग समोर माणूस बसवता येतो, कारण हरलेल्याला काठीला शिव्या घालायची सोय उरत नाही.

हरवायचं कसं? तुम्ही ओळी फोडल्या की समोरच्याच्या तळातून कचरा वर येतो, प्रत्येक ओळीत एकच भोक असलेला. एक ओळ फोडली तर काहीच जात नाही. दोनला एक, तीनला दोन, चारला चार. हा हिशेब मुद्दाम वाकडा ठेवलाय. एकेक ओळ फोडून जीव वाचवणारा माणूस कुणाचंच वाकडं करू शकत नाही. वडिलांसारखा रिकामी रांग ठेवून बसणारा धोका पत्करतो, आणि तोच मारतो. त्यात आणखी एक भानगड आहे: टी आकाराचा तुकडा शेवटच्या क्षणी फिरवून सांदीत घुसवला की दोनच ओळी फुटतात, पण कचरा जातो चार ओळींचा. हे पहिल्यांदा माझ्यावर कुणी केलं तेव्हा मला वाटलं पडदा बिघडला.

जुन्या टेट्रिसला मात्र मी कमी लेखत नाही. २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातल्या विलिस गिब्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने १९८९ चा निन्टेंडोवरचा टेट्रिस १५७ व्या लेव्हलला नेऊन बंद पाडला. गेमच लटकला. चौतीस वर्षांत कुणा माणसाच्या हातून हे झालं नव्हतं. एकोणतिसाव्या लेव्हलपासून तुकडा इतक्या वेगाने पडतो की बटण दाबून धरून तो कडेपर्यंत पोचतच नाही, म्हणून बरीच वर्षं लोक त्यालाच शेवट समजत. मग पोरांनी युक्ती काढली: एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची, तबल्यावर वाजवतात तशी. बटण खालून वर येऊन अंगठ्यावर आपटतं. मी करून बघितलं. दोन दिवस मनगट धरून फिरलो.

पण तुम्हाला स्पर्धाच बघायची असेल तर टेट्रिस सोडा आणि पुयो पुयो बघा. माझं हे मत ऐकून ऑनलाइनचे अर्धे दोस्त चिडतात. चिडू देत.

पुयो पुयो १९९१ चा, कम्पाइल कंपनीचा. सहा घरं रुंद, बारा घरं उंच पट. रंगीत गोळे जोडीने पडतात, एका रंगाचे चार चिकटले की फुटतात. वरचे गोळे खाली येतात, त्यातून पुन्हा चार जुळले तर तेही फुटतात, अशी साखळी. तुमची साखळी जेवढी लांब तेवढे राखाडी खडे समोरच्याच्या डोक्यावर. आणि इथे गणित भयंकर आहे. प्रत्येक टप्प्याला मोजून चारच गोळे फोडले तरी पाच टप्प्यांच्या साखळीने सुमारे सत्तर खडे जातात. सहा गुणिले बारा किती? बहात्तर. पाच टप्पे म्हणजे समोरच्याचं जवळपास सगळं घर भरलं.

सुरुवातीच्या गेममध्ये या माऱ्याला उत्तरच नव्हतं. जो आधी पाचची साखळी लावेल तो जिंकला, म्हणजे नुसती शर्यत. १९९४ च्या दुसऱ्या भागात एकच नियम वाढवला: खडे येऊ घातलेत तोवर तुम्ही स्वतःची साखळी पेटवलीत तर ते खडे वजा होतात, आणि उरलेले उलट त्याच्यावर जातात. एवढ्या एका वजाबाकीने खेळ कुठल्या कुठे गेला! आता आधी मारणं हा मूर्खपणा ठरू शकतो. समोरचा पाचची साखळी लावून बसला असेल तर तुम्ही सहाची धरायची, पण तो बघतोय, म्हणून मधेच दोनची टिचकी मारायची, त्याची वात झाकली जाईल अशी. वात म्हणजे ज्या जागेवर गोळा टाकला की साखळी सुरू होते ती जागा. ती खड्याखाली गेली की दहा टप्प्यांची साखळीही कागदी फटाका.

हे मला पटकन समजलं त्याचं कारण चादर. जेकार्डच्या मागावर पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं एकमेकांना ओवून लांब साखळी केलेली असते. बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक कार्ड. जिथे भोक तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. लहानपणी मी डबा द्यायला जायचो तेव्हा वडील मागाकडे बघायचेच नाहीत, कान देऊन उभे असायचे. एक कार्ड चुकीचं ओवलं तर चूक आत्ता दिसत नाही, नक्षी पुरी झाल्यावर दिसते, आणि मग प्रत्येक चादरीत त्याच जागी दिसत राहते. पुयोतही तसंच. आठव्या टप्प्याला साखळी तुटते तेव्हा घोटाळा तिसऱ्या गोळ्याला झालेला असतो. जपानच्या ई-स्पोर्ट्स संघटनेने २०१८ मध्ये या खेळाच्या खेळाडूंना व्यावसायिक परवाने दिले, ते उगाच नाही.

बाकीच्यांत कॅपकॉमचा १९९६ चा सुपर पझल फायटर दिसायला गोंडस आणि खेळायला अन्यायी. प्रत्येक पात्राचा कचरा ठरलेल्या रंगांच्या क्रमाने पडतो, म्हणून निम्मी लढाई पात्र निवडतानाच संपते. त्यातल्या डॅनचा कचरा पडतो तो सगळा लालच. समोरच्याला आयतं ताट वाढून दिल्यासारखं. कंपनीने केलेली चेष्टाच ती, पण मी चार सामने डॅन घेऊन जिंकलोय आणि त्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही. टेट्रिस ९९ मध्ये नव्व्याण्णव जण एकदम खेळतात. मजा येते, पण ती गड्ड्यातल्या गर्दीची मजा. कुणाचा धक्का लागून पडलो ते कळत नाही.

आता निन्जा.

टीव्हीला जोडायच्या त्या गेमची पिवळी कॅसेट आठवत असेल तर निन्जा किती स्वस्त होते हेही आठवेल. माझा नियम सोपा आहे: व्हिडिओ गेममधल्या बहुतेक निन्जांना निन्जाचं काम दिलं तर पहिल्याच दिवशी पकडले जातील. १९९२ चा मॉर्टल कॉम्बॅट घ्या. पिवळा स्कॉर्पियन, निळा सब-झिरो, नंतर लपलेला हिरवा रेप्टाइल. तिघांच्या आत माणूस एकच, डॅनियल पेसिना, कपड्याचा रंग तेवढा बदललेला. यंत्रात जागा कमी होती, म्हणून हा जुगाड. सोलापूरकराला याचं नवल नाही. कार्डं तीच, सूत बदललं की नवी चादर. पण पिवळाधम्मक निन्जा रात्री कुठे लपणार हो?

आपल्याकडे बहिर्जी नाईक होते. वेषांतर करून शत्रूच्या गोटात वावरणारा हेर म्हणूनच त्यांचं नाव आजही घेतलं जातं. जपानच्या इगा-कोगा भागातले खरे निन्जाही याच जातकुळीचे. शेतकरी, साधू, फेरीवाला बनून फिरायचे. तो काळा वेष नाटकातून आला असं बरेच जण मानतात: रंगमंचावर सामान हलवणारे लोक काळे कपडे घालायचे आणि प्रेक्षक त्यांना न दिसल्यासारखं करायचे. म्हणजे गेमवाल्यांनी उचलला तो नाटकातला निन्जा.

तरीही निन्जा गायडेनवर माझा जीव आहे. १९८८ चा, टेक्मोचा. र्‍यू हायाबुसा भिंतीला पालीसारखा चिकटतो, या भिंतीवरून त्या भिंतीवर. आणि मग ते पक्षी! दरीवरून उडी मारायची वेळ साधून येणार, टोच लागली की र्‍यू मागे उडून थेट खड्ड्यात. एक पाऊल मागे सरकलात तर मारलेला शत्रू पुन्हा हजर. शेवटच्या अंकातल्या म्होरक्यांपुढे मेलात की अंकाच्या सुरुवातीला. आमच्या गल्लीत एकाने यावरून कॅसेट दातांनी चावली होती. पण नीट बघा, या गेममध्ये जवळपास काहीच नशिबावर नाही. पक्षी दर वेळी त्याच जागी येतो. पाठ करा, सुटतो. आवडायचं कारण तेच.

सेगाच्या १९८७ च्या शिनोबीतला नायक, 'जो मुसाशी' नावाचा, रुबाबदार. शुरिकेन, म्हणजे निन्जांचं फेकायचं पातं, फेकताना हात असा सरळ काढतो की बघत राहावं. २०२५ मध्ये शिनोबी आणि निन्जा गायडेन दोघेही नव्या गेमसह परतले, तेव्हा मी पगाराच्या दिवशी काय केलं ते घरी सांगितलेलं नाही. फ्रूट निन्जाचा निन्जाशी संबंध टरबुजाएवढाच.

माझं पहिल्या नंबरचं मत तेन्चूला, प्लेस्टेशन, १९९८. रिकिमारू आणि आयामे. दोराचा आकडा टाकून छपरावर चढायचं, खाली पहारेकरी किती जवळ आहे ते आकड्यात दिसतं, विषारी भाताचा गोळा वाटेत ठेवून द्यायचा आणि वाट बघायची. समोरासमोर तलवार काढावी लागली म्हणजे तुमचं गणित आधीच चुकलं. २०१२ चा मार्क ऑफ द निन्जा त्याच घराण्यातला: तुमच्या पावलांचा आवाज वर्तुळासारखा पसरताना दिसतो, ते वर्तुळ पहारेकऱ्याला शिवलं की संपलं. हे दोन्ही मला पझल गेमच वाटतात. तुकडे तेवढे चालते-बोलते.

शेवटी तुमच्या पहिल्या शंकेवर एक घडलेली गोष्ट. यंदाच्या संक्रांतीला टीव्हीवर पुयो पुयो टेट्रिस लावला. त्यात एकाने पुयो घ्यायचं, दुसऱ्याने टेट्रिस, असंही खेळता येतं. वडिलांचा माग सुटून बरीच वर्षं झाली, एक कानही गेलाय. त्यांना बटणं दाखवली: हे डावीकडे, हे उजवीकडे, हे फिरवायचं, आणि हे दाबलं की हातातला तुकडा बाजूला ठेवता येतो. ते नुसते 'हं' म्हणाले.

मी सात टप्प्यांची साखळी रचत होतो. त्यांच्याकडे बघितलं तर तीच जुनी रीत, नऊ रांगा गळ्यापर्यंत आल्या होत्या, उजवी कड रिकामी. मी म्हणालो, 'बाबा, काठी येईपर्यंत मरताय तुम्ही.' वात पेटवायला मला एक हिरवा गोळा हवा होता, आणि पुढच्याच जोडीत तो दिसत होता.

खाडकन चार ओळी फुटल्या. लगेच खरी काठी आली, आणखी चार. माझी वात राखाडी खड्यांखाली.

'काठी आलीच कुठनं?' मी ओरडलो.

'मघाशीच ठेवलीय की बाजूला,' ते म्हणाले. 'तिथं कोपऱ्यात दिसत होती. तू बघितलंच नाहीस.'