सर क्रीकसारखा वादही का सुटत नाही?

काश्मीर अवघड आहे हे समजतं, पण भारत-पाकिस्तान निदान छोटे वाद तरी बोलून का मिटवत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मग सर क्रीकच घ्या. कच्छच्या रणाजवळची साधारण ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी. वादाचा कागद मुंबईचाच आहे: मुंबई सरकारचा १९१४ चा ठराव. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ठरावासोबतच्या नकाशात हिरवी रेघ पूर्व काठावर आहे, म्हणून पाकिस्तान अख्खी खाडी मागतो. आपण म्हणतो, ती रेघ नुसती खूण, हद्द मधल्या प्रवाहातून जाते. १९६८ च्या लवादाने रणाचा निकाल दिला, ही खाडी मात्र वगळली.

२००७ मध्ये दोघांनी मिळून पाहणी केली. म्हणजे माहितीसाठी काहीच अडलं नव्हतं. अडलं सहीपाशी. खाडीतली रेघ सरकली की पुढची सागरी हद्द सरकते, आणि जो सोडेल त्याला घरी ‘देश विकला’ हे ऐकावं लागतं. पाकिस्तानात लष्कराला नको असेल तर पंतप्रधानाच्या शब्दाला किंमत नाही. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर ‘थोडं सोडलं’ म्हणायची कुणाची छाती आहे?

त्यात घातपात. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर करार, मे महिन्यात कारगिल. २५ डिसेंबर २०१५ ला मोदी लाहोरला, २ जानेवारीला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला. २६ नोव्हेंबर २००८ ला तर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री कुरेशी चर्चेसाठी दिल्लीतच होते! त्याच रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट बळकावून मुंबईकडे आले, आणि त्यानंतर खाडी हा सर्वेक्षणाचा कमी, सुरक्षेचा विषय जास्त झाला.

पाकिस्तान म्हणतो ‘आधी काश्मीर’, आपण म्हणतो ‘आधी दहशतवाद’, हा घोळ आहेच. त्यावर २००४ पासूनची, काश्मीर, दहशतवाद, सर क्रीक असे आठही विषय एकत्र चालवण्याची पद्धत मला आजही बरी वाटते. श्रीनगर-मुझफ्फराबाद बस त्याच काळात, २००५ मध्ये सुरू झाली. पडद्याआड दोन्ही सरकारांचे दूत, आपले सतिंदर लांबा आणि त्यांचे तारिक अझीझ, काश्मीरवरही बरेच पुढे गेले होते, पण २००७ मध्ये मुशर्रफ स्वतःच डळमळले. पुन्हा तेच, सही करणारा हात पक्का नाही.

एक गोष्ट मात्र चालू राहिली. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात, २०२५ च्या संघर्षानंतरच्या जुलैतही दिल्या गेल्या. पालघरकडचे गुजरातच्या बोटींवर जाणारे खलाशी त्यात असतात. ओळखीतलं कुणी अडकलं असेल, तर नागरिकत्वाची कागदपत्रं आधी जमवा. सुटका बरेचदा त्या पडताळणीपाशीच रेंगाळते.