मशेरीची डबी, सहा वर्षांची दाढ आणि तुमची पत्रं

दवाखाना बंद करून घरी गेल्यावर, जेवणं आटोपली की मी तुमची पत्रं वाचायला बसते. या वेळच्या बहुतेक पत्रांची सुरुवात एकच आहे: ‘तसा काही त्रास नाही, पण...’ हा ‘पण’ वाचून मला फार बरं वाटलं. कऱ्हाडात २७ वर्षं मी लोकांचे दात बघतेय. माणसं येतात ती गाल सुजल्यावर, रात्रभर येरझाऱ्या घातल्यावर. तोवर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते. काही दुखत नसताना तुम्ही विचारताय, म्हणून प्रत्येक पत्राला मनापासून उत्तर देतेय.

माझ्या सासूबाई साठीच्या आहेत. दोन्ही वेळा मशेरी लावतात. दात काळे झालेत, खालचे दोन हलतात. ‘मशेरीनंच माझे दात टिकलेत’ असं म्हणतात. जरा बोललं की दोन दिवस अबोला धरतात. काय करू? (एक सूनबाई, वाळवा तालुका)

ताई, तुमचं पत्र वाचताना मला आमच्या चुलीवरचा तवा दिसला. माझी आई तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबी भरून कोनाड्यात ठेवायची. असा खकाणा उठायचा की आम्ही पोरं शिंकत अंगणात पळायचो. पहाटे गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर बसून बोटानं हिरड्या घासायच्या, एकमेकींशी बोलायच्या. तेवढा वेळ त्यांना कुणी काम सांगायचं नाही. अख्ख्या दिवसात तेवढीच घटका त्यांची स्वतःची होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मशेरी लावणाऱ्या बाईला मी रागावत नाही. तुम्हीही रागावू नका.

सासूबाईंना जे वाटतं त्याला कारण आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन तोंडाच्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं. दुखरी जागा थोडा वेळ बधिर वाटते, पोटाला चालना मिळते. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ असं बायका सांगतात, ते खोटं नसतं. शरीराला तशी सवय लागलेली असते. पण याच निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. एरवी हिरडी आजारी पडली की घासताना रक्त येतं आणि माणूस सावध होतो. तंबाखू लावणाऱ्याच्या हिरडीतून ते रक्त कमी येतं. आत हाड झिजत राहतं, आणि कळतं ते थेट दात हलायला लागल्यावर.

माझ्या आईचे खालचे पुढचे चार दात पंचेचाळिशीत गेले. मी तेव्हा बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते, हिरड्यांच्या आजारांचं पुस्तक नुकतंच हातात आलं होतं. सुट्टीत घरी गेले तर आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, “वय झालं की जायचेच.” वयानं दात जात नाहीत, हे मला तिला सांगता आलं नाही. आज तुमच्या सासूबाईंना सांगतेय.

डबी एकदम फेकून देऊ नका. आधी संध्याकाळची मशेरी बंद करू द्या, मग आठ-दहा दिवसांनी सकाळची. उंबरा तोच राहू दे, वेळ तीच राहू दे. हातात फक्त मऊ केसांचा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट द्या. तलफ आली की भाजलेली बडीशेप किंवा ओवा चघळायला द्या. पोटासाठी उठल्याउठल्या कोमट पाणी आणि जेवणात भाजी-भाकरी वाढवा. पहिला आठवडा-दोन आठवडे चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप लागणार नाही. घरातल्या सगळ्यांनी तेवढं सोसायचं. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तिथं फुकट सल्ला मिळतो. तुमच्या मोबाइलवरून लावून द्या आणि त्यांच्या शेजारी बसा.

आणि हे सगळं करायच्या आधी एक काम आजच करा. सासूबाईंना उजेडात बसवा आणि तोंडात बघा. गाल आतून, खालचा ओठ उलटा करून, जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ वर करून तिच्या खालची जागा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, हाताला लागणारी गाठ, किंवा स्वतःची तीन बोटं उभी जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यांतलं काहीही दिसलं तर याच आठवड्यात दाखवा. कर्करोग इथूनच सुरू होतो, आणि सुरुवातीला तो दुखत नाही. हलणाऱ्या दोन दातांचं एक्स-रे काढल्यावर ठरवता येईल. ते त्यापुढचं काम आहे.

दात साफ करून घेतले तर दातांमध्ये फटी पडल्या, गार पाणी झोंबायला लागलं. मशीननं दात खिळखिळे केले असं मित्र म्हणतात. शिवाय डॉक्टर दर सहा महिन्यांनी बोलावतात. खरंच गरज असते का? मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. (एक निवृत्त शिक्षक, इंदापूर)

सर, त्या फटी आधीपासूनच होत्या. त्यांत किटण भरलेलं होतं. दातावर रोज एक चिकट, मऊ थर बसतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, आणि मग कुठल्याही ब्रशनं निघत नाही. हे किटण हिरडीच्या खाली उतरतं, हिरडी सुजते, आतलं हाड मागं सरतं. हललेल्या दातांना किटणाचा कच्चा गिलावा धरून ठेवतो, म्हणून ते घट्ट वाटतात. गिलावा काढला की खरी परिस्थिती दिसते. सूज उतरून हिरडी आवळली की फट आणखी उघडी पडते. मशीनचं टोक दाताला कोरत नाही. ते बारीक थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर किटण सुटं करतं. गार पाणी झोंबणं सहसा थोड्या दिवसांत कमी होतं. तोवर दात शिवशिवू नयेत म्हणून मिळणारी पेस्ट वापरा. महिन्याभरानंतरही तसंच राहिलं तर परत दाखवा.

सहा महिन्यांचं खरं सांगते. तो आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ज्याच्या हिरड्या घट्ट आहेत, कीड नाही, तंबाखू नाही, त्याला वर्षातून एकदा दाखवलं तरी चालेल. तुमची गोष्ट वेगळी आहे. साखर वाढलेली असली की हिरडीचा संसर्ग बळावतो, आणि हिरडीतला संसर्ग रक्तातली साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोघं एकमेकांना धरून असतात. तुम्ही दर तीन-चार महिन्यांनी जावं असं मला वाटतं. जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “माझ्या हिरडीचे खिसे किती मिलिमीटर खोल आहेत?” खिसा म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली पोकळी. तीनपर्यंत ठीक. चार किंवा त्याहून जास्त असतील तर नुसती वरवरची सफाई पुरत नाही, खोलवर करावी लागते. आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला ताडून बघा. चाळीस मुलांची प्रगतिपुस्तकं तुम्ही ठेवलीत; ही आठ ओळींची नोंद तुम्हाला जड जाणार नाही.

फटी मोठ्या असतील तर काडीनं कोरू नका, हिरडी आणखी खाली जाते. बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा चिमुकला ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. रोज रात्री तो एकेका फटीतून फिरवा.

मुलगी सात वर्षांची आहे. सगळ्यात मागच्या दाढेवर काळा डाग दिसतो. घरातले म्हणतात दुधाची आहे, पडेल, पैसे कशाला घालवायचे? (एक आई, चिंचवड)

या पत्रासाठी मी पान राखून ठेवायला सांगितलं होतं. बाईंनो, आज रात्री मुलांचे दात मोजा. मधल्या रेषेपासून मागं जायचं: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. झाले पाच. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. त्यांच्या मागं सहावा दात दिसला तर तो कायमचा आहे. साधारण सहाव्या वर्षी ही दाढ येते, आणि ती यायला कुठलाही दात पडावा लागत नाही. मागच्या रिकाम्या जागेतून ती गुपचूप वर येते. म्हणून ती दुधाचीच आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. बारा-चौदा वर्षांची पोरं माझ्याकडं येतात तेव्हा हीच दाढ पोखरून नुसतं टरफल उरलेलं असतं. तिच्या जागी दुसरी येणार नसते.

तुमच्या मुलीची सगळ्यात मागची दाढ सहावी असेल तर या आठवड्यातच दाखवा. नुसता डाग असेल तर खाचा बंद करणारा पातळ लेप लावून भागेल. भोक असेल तर सिमेंट भरता येईल. दोन्हींना टोचावं लागेलच असं नाही. आणि पाचवी निघाली तरी सोडून देऊ नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तिला अजून तीन-चार वर्षं त्यांनीच जेवायचं आहे, आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही त्याच राखतात.

घरी करायचं ते सोपं आहे. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते पुढं अर्धा तास तरी दाताचं आवरण विरघळवत राहतं. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे बघा. बिस्किटाचा पुडा दुपारभर एकेक करून खाणं हे जेवणानंतर एकदाच गुळाची पोळी खाण्यापेक्षा दाताला जास्त महाग पडतं. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नका आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका. वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच. घासून झालं की फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. आणि ब्रश आठ वर्षांपर्यंत तुमच्या हातात हवा. तिच्या मागं उभं राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, म्हणजे मागच्या दाढा दिसतात.

वरची दाढ काढली तर नजर जाते का? (सातारा)

नाही. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांत दृष्टीची दुसरी आणि दातांची पाचवी. दोन्ही वेगळ्या. दाढा काढायची वेळ येते साधारण त्याच वयात चाळिशीचा चष्माही लागतो, म्हणून लोकांनी त्यांची सांगड घातली.

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. कितीही घासलं तरी जात नाहीत. मुली फोटोत ओठ मिटून उभ्या राहतात. (एक अंगणवाडी ताई, यवतमाळ जिल्हा)

ताई, मुलींना आधी हे सांगा की त्यांनी दात नीट घासले नाहीत म्हणून हे झालेलं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते त्रासदायक ठरतं. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात, आणि या पाण्यानं त्यांचं आवरण तिथंच बिघडतं. कोळसा किंवा राखुंडीनं पट्टे जात नाहीत, उलट दात झिजतो. मोठेपणी दंतवैद्य ते बरेच फिके करू शकतात.

तुमच्या हातात आहे ते लहान भावंडांचं. ग्रामपंचायतीकडून पाण्याची तपासणी मागा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, आटल्यामुळं प्रमाण वाढतंच. आरओच्या पाण्यानं ते उतरतं. उथळ विहिरीचं पाणी तपासून चांगलं निघालं तर प्यायला तेच ठेवा. हे पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडंही धरतात, म्हणून पाठपुरावा सोडू नका. तुमच्या नावानं नको, सगळ्या आयांच्या सह्यांनी अर्ज द्या.

खालची दाढ आठ दिवस ठणकत होती. गोळ्या खाल्ल्या, लवंगतेल लावलं. आता आपोआप थांबलंय. मग रूट कॅनाल कशाला? (एक ट्रॅक्टरचालक, बारामती)

दादा, बरं होऊन थांबलं असतं तर मलाही आनंद झाला असता. पण एवढा ठणका आपोआप थांबतो तो बहुतेक वेळा आतली नस मेल्यावर. दुखणं सांगणारंच कुणी उरत नाही. पू मात्र मुळाच्या टोकाशी साचत राहतो. तो महिन्यानं येईल, वर्षानं येईल, पण येताना सुजेसकट येतो. रूट कॅनाल म्हणजे ती मेलेली नस काढून मूळ आतून साफ करणं आणि भरून घेणं. आत्ता एक्स-रे काढून ते केलं तर दोन-तीन खेपांत दाढ वाचू शकते. खर्चाची अडचण असेल तर उपजिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे का ते विचारा, तिथं फार कमी पैशांत काम होतं.

गाळप हंगाम सुरू झाला की तुम्हाला रात्रीची झोप मिळत नाही, सुट्टी कुठली मिळायची. त्याआधी दाखवून घ्या. आणि मधल्या काळात जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना किंवा थुंकी गिळायला जड जाऊ लागली, तर सकाळ व्हायची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.